धुकं धरलेली खिडकी आणि दोन थेंब पाणी

पावसाळ्यात बाइकच्या स्पीडोमीटरच्या काचेला आतून धुकं धरलेलं तुम्ही पाहिलं असेल. बोटाने कितीही पुसा, ते जात नाही, कारण ते पलीकडच्या बाजूला असतं. लहानपणी माझ्या बाबांच्या मनगटी घड्याळाचं दर जुलैत असंच व्हायचं. आई ते रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवायची. सकाळी काच स्वच्छ. चार दिवसांनी पुन्हा तेच.

मी सध्या कॅनडातल्या सास्काटूनमध्ये राहते. इथे जानेवारीत रात्रीचं तापमान उणे ३० पर्यंत जातं, त्यामुळे घरांच्या खिडक्यांना एक नाही, दोन काचा असतात आणि मध्ये बंद पोकळी. माझ्या भाड्याच्या खोलीत अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींच्या पोकळीत धुकं. घरमालकीणबाई वयस्कर. काचा बदलायचा खर्च ऐकून त्या गप्प झाल्या होत्या. मी म्हटलं, 'मी बघते जरा.' बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, मग खिडकी तांदळात ठेव!"

ते हसण्यावारी बोलले, पण मुद्दा अगदी बरोबर होता. हा लेख त्या खिडकीच्या दुरुस्तीबद्दल आहे. ती करताना मी एकदा सपशेल फसले, आणि त्या फसण्यात रिसर्चला सुरुवात करणाऱ्या तुमच्यासारख्यांना उपयोगी पडेल असं बरंच काही आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी वस्तू समजून घेऊ

दोन काचांच्या खिडकीची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत थॉमस स्टेटसन यांनी १८६५ साली तिचं पेटंट घेतलं होतं. आजच्या खिडकीत दोन तावदानांमध्ये साधारण १२ ते १६ मिलिमीटर अंतर असतं. हे अंतर राखायला कडेने चारी बाजूंना एक पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्युटिल रबराचा चिकट थर असतो. त्याचं काम वाफ अडवणं. त्याच्या बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा दुसरा थर. त्याचं काम सगळं घट्ट धरून ठेवणं. पोकळीत कोरडी हवा किंवा आरगॉन वायू भरलेला असतो.

थंडी अडवते ती काच नव्हे, मधला स्थिर वायू. एका काचेतून दर चौरस मीटरमागे, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, सुमारे ५.७ वॅट उष्णता निसटते. दोन काचा आणि मध्ये हवा असेल तर ती साधारण निम्मी, म्हणजे २.८ च्या आसपास होते. आरगॉन आणि काचेवर चांदीचा अतिपातळ लेप असेल तर १.२ च्या जवळ येते.

आता गंमत पट्टीच्या आत आहे. पट्टीत बारीक मणी भरलेले असतात आणि पोकळीच्या बाजूने तिला सूक्ष्म भोकं असतात. हे मणी झिओलाइटचे असतात. खिडकीचे तांदूळ म्हणा ना! साधारणपणे ३ए नावाचा प्रकार वापरतात. त्याच्या स्फटिकातली छिद्रं सुमारे ३ अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू त्याहून लहान असल्यामुळे आत शिरतो आणि अडकतो. नायट्रोजन आणि आरगॉन मोठे, ते बाहेरच राहतात. हे महत्त्वाचं आहे, कारण मण्यांनी नायट्रोजनही शोषला असता तर थंडीत पोकळीतला दाब घटून काचा आत वाकल्या असत्या.

झिओलाइट हे नाव १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी दिलं. खनिज तापवल्यावर त्यातून पाण्याची वाफ उसळताना त्यांनी पाहिली, म्हणून ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड'. खिडकीतला झिओलाइट कारखान्यात बनवलेला असतो, पण त्याची नैसर्गिक भावंडं आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात, बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात स्टिलबाइट, ह्यूलँडाइट यांचे सुंदर नमुने आहेत. तिकडे गेलात तर बघा आणि ही खिडकी आठवा.

धुकं कुठल्या बाजूला आहे?

ही पहिली पायरी आणि बहुतेक जण हीच गाळतात. काच खोलीच्या बाजूने पुसा. धुकं गेलं, तर खिडकी ठीक आहे, खोलीत दमटपणा जास्त आहे. स्वयंपाकाची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे, अशी कारणं शोधा. मग बाहेरून पुसा. सकाळी बाहेरच्या बाजूला दव दिसलं तर उलट खूश व्हा, कारण घरातली उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती काच गार राहिली. खिडकी उत्तम काम करते आहे. दोन्हीकडून पुसूनही जात नाही, तेच आतलं धुकं.

एकच लक्षण, तीन वेगळी कारणं, आणि तीनही वेळा उपाय वेगळा. सिलिकॉनची नळी विकत घेण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करायचं असतं.

माझा पहिला प्रयत्न

मी केलं ते असं. एप्रिलच्या शेवटी उजव्या खिडकीच्या कडेने बाहेरून पारदर्शक सिलिकॉनची रेघ ओढली. तर्क सरळ होता: फट आहे, वाफ शिरते, फट बुजवा. मग दोन संध्याकाळी केस वाळवायच्या ड्रायरने काच गरम केली. धुकं हळूहळू विरलं. आठवडाभर काच लख्ख! मी घरमालकीणबाईंना अभिमानाने दाखवली, लॅबमध्येही सांगितलं.

गाइडनी एकच प्रश्न विचारला. "आणि दुसरी खिडकी?"

दुसरीकडे मी बघितलंच नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर डावी खिडकीसुद्धा स्वच्छ होती. तिला मी हातही लावला नव्हता. त्या आठवड्यात थंडी ओसरली होती, बस्स. काचा कोमट झाल्या आणि धुक्याची वाफ झाली. पाणी कुठेही गेलं नव्हतं. ऑक्टोबरच्या पहिल्या गार रात्रीनंतर दोन्ही खिडक्या पुन्हा पांढऱ्या.

तुम्ही उद्या लॅबमध्ये नमुन्यावर काहीतरी प्रक्रिया कराल, नमुना सुधारेल, आणि तुम्हाला वाटेल की प्रक्रियेमुळे सुधारला. त्याच वेळी प्रक्रिया न केलेला नमुना कसा वागला, हे बघितल्याशिवाय ते वाक्य लिहायचं नाही. पुस्तकात 'कंट्रोल' या शब्दाची व्याख्या मी पाठ केली होती. शेजारी फुकटचा कंट्रोल दिवसरात्र माझ्यासमोर उभा होता आणि मला तो दिसला नाही.

थोडं गणित: पाणी किती आहे?

ऑक्टोबरमध्ये चिडून मी कागद घेतला. हिशेब इतका सोपा आहे की तुम्हीही सोबत करा.

खिडकी १ मीटर बाय १ मीटर धरा, पोकळी १२ मिलिमीटर. म्हणजे आकारमान १२ लिटर. २० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम वाफ मावते. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्के धरली तर प्रत्यक्षात ६.९ ग्रॅम. हीच हवा पोकळीत असेल तर १२ लिटरमध्ये वाफ किती?

०.०१२ गुणिले ६.९, म्हणजे सुमारे ०.०८ ग्रॅम. जेमतेम दोन थेंब.

या हवेचा दवबिंदू सुमारे ६ अंश आहे. बाहेरची काच त्याहून गार झाली की धुकं. म्हणजे अख्खी खिडकी पांढरी करायला दोन थेंब पुरतात.

आता दुसरा प्रश्न. पाणी शिरतं कसं? खिडकी श्वास घेते. दिवसा उन्हात पोकळीतली हवा समजा ४० अंशांपर्यंत तापली आणि रात्री शून्यावर आली. दाब तोच राहायचा तर आकारमान ४० भागिले ३१३, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी घटतं. १२ लिटरमागे दीड लिटर. सील धड असेल तर काचा थोड्या आत वाकतात आणि दाब कमी होतो. सील तुटलं असेल तर तेवढी हवा कडेच्या फटीतून आत ओढली जाते. दीड लिटर हवेत सुमारे ०.०१ ग्रॅम पाणी. ते मणी शोषून घेतात. दुसऱ्या दिवशी हवा बाहेर पडते, पण कोरडी होऊन. पाणी आतच राहतं.

मणी किती पाणी धरतील? ३ए झिओलाइट आपल्या वजनाच्या साधारण २० टक्के पाणी धरतो. पट्टीत ४० ग्रॅम मणी असतील असं मानू, तर ८ ग्रॅम. रोज ०.०१ ग्रॅम या दराने भरायला ८०० दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षं. रोज ४० अंशांचा फरक पडत नाही आणि फटही एवढी मोकळी नसते, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागेल. पण हिशेबातून मिळालेली गोष्ट आकड्याहून मोठी आहे.

डोळ्यांना दिसतं ते पाणी ०.०८ ग्रॅम. मण्यांमध्ये न दिसणारं ८ ग्रॅम. शंभरपट. मी ड्रायर घेऊन त्या एका भागाच्या मागे लागले होते. धुकं दिसायला लागतं तेव्हा आजार नुकताच सुरू झालेला नसतो. सील कधीच फुटलेलं असतं, मण्यांनी निमूटपणे सगळं सोसलेलं असतं, आणि ते पूर्ण भरल्यावर पहिल्यांदा आपल्याला काहीतरी दिसतं.

आणि हे मणी घरी वाळवता येत नाहीत. त्यांतलं पाणी नीट काढायला २०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. ड्रायरने तेवढं होत नाही, आणि झालंच असतं तर आधी काच तडकली असती किंवा रबर वितळलं असतं. तांदळाचा डबा भरला की संपलं.

मग काच न बदलता काय करता येतं?

वाळवून पुन्हा हवाबंद करणं, हा मार्ग वरच्या हिशेबाने बाद होतो. कडेची फट सापडत नाही, मणी भरलेले आहेत, आणि आपण बाहेरून सिलिकॉन ओढून पाणी आत कोंडतो.

दुसरा मार्ग ऐकायला उलटा वाटतो: पोकळी बाहेरच्या हवेला मोकळी करायची. बाहेरच्या काचेला दोन छोटी भोकं. कॅनडा-अमेरिकेत हे काम करून देणारे व्यावसायिकही आहेत.

हे का चालावं? बाहेर उणे १० अंश असताना हवा पूर्ण दमट असली, तरी एक घनमीटरमध्ये वाफ २.३ ग्रॅमच्या वर मावत नाही. घरातल्या हवेत ६.९ होती. म्हणजे थंड देशात हिवाळ्यातली बाहेरची हवा, दिसायला कितीही बर्फाळ असली, तरी खोलीपेक्षा कोरडी. आणि बाहेरच्या काचेला घरातून थोडी उष्णता मिळतच असते, त्यामुळे ती बाहेरच्या हवेपेक्षा किंचित गरम राहते. हवेचा दवबिंदू हवेच्या तापमानाहून जास्त असू शकत नाही. म्हणून त्या काचेवर आतून दव धरायला नको. जर्मनीतल्या जुन्या दुहेरी पेटी-खिडक्यांमध्ये हेच तत्त्व आहे: आतली खिडकी घट्ट, बाहेरची जरा सैल.

आरगॉन तर जाईल ना? सील फुटलेल्या खिडकीतला आरगॉन हळूहळू निघूनच जातो. दोन बारीक भोकांमुळे पोकळीतली हवा फारशी हलत नाही, त्यामुळे साध्या दुहेरी काचेइतका फायदा शिल्लक राहतो. नव्या आरगॉनच्या खिडकीची बरोबरी मात्र होणार नाही. ही दुरुस्ती दृष्टी परत आणते, खिडकीचं तारुण्य नाही.

करण्याआधी तपासायच्या गोष्टी

काच टेम्पर्ड असेल तर थांबा. तिला भोक पाडायला गेलात की अख्ख्या काचेचा चुरा होतो. कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, तो शोधा. शिक्का नसेल तर पोलराइज्ड गॉगल लावून तिरप्या उजेडात पाहा. टेम्पर्ड काचेत गडद ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते. दारातल्या आणि जमिनीलगतच्या मोठ्या काचा बऱ्याचदा टेम्पर्ड असतात.

हमी शिल्लक आहे का बघा. स्पेसरच्या पट्टीवर अनेकदा बनवल्याची तारीख छापलेली असते. हमी असेल तर भोक पाडून ती घालवू नका. भाड्याचं घर असेल तर लेखी परवानगी घ्या.

धुकं पूर्ण गेलेल्या दिवशी काच नीट पाहा. तेव्हाही पांढरट डाग दिसत असतील तर पाण्याने काचेतला सोडियम ओढून काढून पृष्ठभागच खाल्लेला आहे. इंद्रधनुषी किंवा काळपट चट्टे असतील तर चांदीचा लेप गंजलाय. दोन्ही गोष्टी धुऊन जात नाहीत. अशा वेळी चौकट तशीच ठेवून फक्त दुहेरी काच बदलून घेणं हाच शहाणपणा.

प्रत्यक्ष काम

मी हे जूनमध्ये, तळमजल्यावर, बाहेर जमिनीवर उभं राहून केलं. शिडीवर चढून हे काम करू नका. डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, ड्रिल बॅटरीवर चालणारं, कारण पाणी आणि विजेची वायर एकत्र नको.

४ मिलिमीटरचं हिऱ्याच्या कणांचं बिट घेतलं. हॅमर मोड बंद. खालच्या एका कोपऱ्यात आणि तिरप्या समोरच्या वरच्या कोपऱ्यात, कडेपासून पाच सेंटिमीटर आत, चिकटपट्टी लावून खुणा केल्या. वेग कमी, दाब अगदी हलका, आणि मैत्रीण सतत बारीक धारेने पाणी सोडतेय. घाई केली की काच तापते आणि तडा जातो. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला तर नुसतं ड्रिलचं वजन पुरे. एका भोकाला आम्हाला दहा मिनिटांच्या वर लागली.

मग अॅक्वेरियमची बारीक नळी आणि सिरिंज. वरच्या भोकातून डिस्टिल्ड वॉटर सोडून आतली काच दोनदा धुतली, खालच्या भोकातून नळीने ओढून घेतलं. साधं नळाचं पाणी वापरू नका, क्षारांचे नवे डाग पडतील. शेवटी पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून एकदा धुतलं, त्याने ओघळ राहत नाहीत. एक सूचना गंभीरपणे घ्या: अल्कोहोलची वाफ पेट घेते. आत ती असताना ड्रायर, हीट गन, सिगारेट काहीही जवळ नको. उन्हात दोन-तीन आठवडे नुसतं वाळू द्यायचं.

नंतर दोन्ही भोकांवर स्टीलची बारीक जाळी आणि खाली तोंड असलेली छोटी प्लास्टिकची टोपी, सिलिकॉनने चिकटवली. हवा जाईल, पाऊस आणि किडे जाणार नाहीत.

डाव्या खिडकीला यावेळी मुद्दाम हात लावला नाही. घरमालकीणबाईंना नवल वाटलं. मी म्हटलं, 'एक हिवाळा थांबा.'

आधी भाकीत, मग निरीक्षण

यावेळी मी ऑक्टोबर यायच्या आत वहीत तीन ओळी लिहून ठेवल्या. एक, डाव्या खिडकीवर गेल्या वर्षीसारखंच धुकं येईल. दोन, उजवीवर सुरुवातीचे काही आठवडे थोडं येईल, कारण भरलेले मणी उन्हात तापले की थोडं पाणी सोडतात. नंतर कमी होईल. तीन, उजव्या पोकळीचा दवबिंदू बाहेरच्या हवेच्या दवबिंदूसारखा वागेल. यातलं तिसरं चुकलं तर माझं स्पष्टीकरणच चुकीचं, मग काच कितीही स्वच्छ दिसो.

पोकळीचा दवबिंदू मोजणार कसा? काच उघडायची नाही. कारखान्यात काचेला अतिथंड धातू टेकवून बघतात. मी स्टीलचा पेला वापरला. ऑक्टोबरच्या शेवटी, उन्हाच्या दुपारी, दोन्ही काचा कोमट असताना, बर्फाच्या पाण्याने भरलेला पेला खोलीच्या बाजूने पाच मिनिटं काचेला टेकवला. दोन्ही खिडक्यांवर धूसर ठिपका आला. मी हिरमुसले. मग लक्षात आलं की खोलीतलीच वाफ पेल्याभोवती जमतेय! पेला काढून लगेच कोरड्या फडक्याने काच पुसली, टॉर्च मारला. डाव्या खिडकीतला ठिपका राहिला, उजवीतला गेला. उजवीत ठिपका आणायला बर्फात मीठ घालून आणखी गार करावं लागलं. त्या दिवशी हवामान खात्याच्या आकड्यांत बाहेरचा दवबिंदूही शून्याच्या खाली होता. मोजताना आपण स्वतःच काय मिसळतोय, हे तपासायचं एक फडकं प्रत्येक प्रयोगात लागतं.

हिवाळाभर रोज सकाळी आठला दोन्ही खिडक्यांचा फोटो आणि बाहेरचं तापमान. डावीवर जवळजवळ रोज धुकं, कडाक्याच्या थंडीत बर्फाची नक्षी. उजवीवर पहिले तीन आठवडे पातळ धुकं, मग बहुतेक सकाळी स्वच्छ.

बहुतेक, सगळ्या नाही. काही मोजक्या सकाळी उजवीवरही धुकं होतं आणि मला ते फोटो वगळायचा मोह झाला, हे कबूल करते. वगळले नाहीत. नोंदी पाहिल्या तर त्या सगळ्या रात्री निरभ्र आणि वारा नसलेल्या होत्या. निरभ्र आकाशाकडे काच उष्णता उत्सर्जित करते आणि हवेपेक्षाही गार होऊ शकते. उघड्यावर लावलेल्या गाडीच्या टपावर दव पडतं, तसंच. म्हणजे 'बाहेरची काच हवेपेक्षा किंचित गरम असते' हे माझं वाक्य अशा रात्री खोटं ठरतं. माझ्या स्पष्टीकरणाची सीमा मला या नकोशा फोटोंनी दाखवली.

हाच उपाय मुंबईत केला तर?

हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. मुंबई-पुण्यातल्या ऑफिसांमध्ये आणि रस्त्याच्या आवाजाला कंटाळलेल्या घरांमध्ये दुहेरी काचा असतात. जुलैत मुंबईत बाहेरचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो आणि आत एसी २३ वर. इथे गार काच आतली, दमट हवा बाहेरची. मी केली तशी बाहेरच्या काचेला भोकं पाडली तर पावसाळाभर तुम्ही पोकळीत वाफ भरत राहाल आणि आतल्या काचेवर धुकं कायमचं. पोकळी मोकळी करायचीच तर कोरड्या बाजूला, म्हणजे एसीच्या खोलीकडे करावी लागेल.

तत्त्व तेच, कृती उलटी. कुठल्याही पेपरमधली पद्धत उचलताना ती कुठल्या हवामानात, कुठल्या तापमानाला, कुठल्या नमुन्यावर चालली हे आधी वाचायचं. कृती पाठ केली असेल तर मुंबईत फसाल. कारण समजलं असेल तर भोक कुठल्या काचेला पाडायचं हे तुम्हीच ठरवाल.

या मे महिन्यात मी डावी खिडकीही करून टाकणार आहे. घरमालकीणबाईंनी वही बघितली, दोन्ही खिडक्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाल्या, आता पटलं. पहिल्या वर्षी नुसती स्वच्छ काच दाखवली होती तेव्हा त्या फक्त हसल्या होत्या. त्यांचं तेव्हाचं हसणंच बरोबर होतं.

तुमच्यासाठी गृहपाठ: या पावसाळ्यात बाइकच्या स्पीडोमीटरमध्ये धुकं दिसलं तर पुसू नका. आतली पोकळी किती मिलिलिटरची, त्यात वाफ किती मावेल, काच कुठल्या तापमानाला गेल्यावर ती दिसेल, हे कागदावर मांडा. आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाइककडेही एकदा बघा.